तोंडी काही ठेवू नकोस

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बेळगावात खोली बघायला गेलीस आणि मालकाने अंगणातच, चार माणसांदेखत, तू आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातली म्हणून तुझ्या रंगावरून नि केसांवरून बोलून "तुमच्या आफ्रिकेत जा" म्हणत हाकललं. ठाण्यात गेलीस तर तिथले साहेब म्हणाले, लिहायला कशाला पाहिजे, बोलावून समज देतो त्याला. यातलं काहीच मला नवं नाही. तुझं डोकं कुठे अडकलंय, ते मात्र पुढच्या पानांवर कळलं. आई म्हणते सोडून दे. मैत्रिणी म्हणतात व्हिडिओ टाक. सीमालढ्यातली पोरं म्हणतात, मालक आपला मराठी माणूस आहे, आत्ता बोभाटा नको, समोरच्यांच्या हाती कोलीत मिळेल. आणि तू स्वतःलाच विचारत बसलीस, मी आधी सिद्दी की आधी मराठी?

लिहून दे आणि पोच घे. माझं उत्तर एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या पोटातलं.

आधी कोण, हा प्रश्न उद्या कोर्टात कुणी विचारणार नाही. तारीख कोणती, वेळ काय, कुठे उभी होतीस, तो नेमकं काय म्हणाला, ऐकायला कोण होतं, हे विचारतील. पत्राच्या सहा पानांत तू मनाची घालमेल लिहिलीस आणि त्या चार माणसांपैकी एकाचंही नाव लिहिलं नाहीस. अॅट्रॉसिटी कायद्यात जातीवरून अपमान लोकांच्या देखत झाला होता का, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. त्या चार माणसांची नावं तुझ्या सहा पानांपेक्षा मोलाची आहेत. राग मानू नकोस, पण राग आला तरी नावं आजच लिहून काढ. माणसं विसरतात, आणि त्याहून जास्त वेळा विसरल्याचं सांगतात.

मी विशीत होतो तेव्हा आमच्या भागातल्या एका गावात महारवाड्यातल्या माणसाला विहिरीवर पाणी घेतलं म्हणून मारलं. अख्ख्या गावाने पाहिलं. पंच बसले, देवळासमोर मिटवामिटव झाली, मारणाऱ्याने हात जोडले, सगळे घरी गेले. पुढे त्याच्या मुलाला पुन्हा त्याच विहिरीवर अडवलं, तेव्हा तेच पंच म्हणाले, असं पूर्वी कधी झालंच नाही. बाप वारला होता. दाखवायला कागदाचा तुकडा नव्हता. त्या मुलाचा चेहरा माझ्या मनातून आजही जात नाही. पुढे खानापुरात कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहायला बसलो तो त्याच्यामुळे. "तोंडी सांगून आलोय," असं म्हणणाऱ्या प्रत्येकावर मी ओरडत आलो, आणि आज तुझ्यावर ओरडतोय.

तू लिहिलंस, रोझा पार्क्ससारखं नुसतं बसून राहण्याचं धैर्य माझ्यात नाही. नुसतं बसून? हे कुणी शिकवलं तुला? १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या माणसासाठी जागा सोडली नाही, तोवर त्या बारा वर्षं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेत चिटणीस म्हणून राबत होत्या. लोकांवर झालेले अन्याय नोंदवून घेणं हे त्यांचं काम. १९४४ साली रेसी टेलर या बाईवर गोऱ्या तरुणांनी बलात्कार केला, तेव्हा तिची हकीकत टिपून घ्यायला संघटनेने रोझाबाईंनाच पाठवलं होतं. बसवर बहिष्कार घालू, असा इशारा देणारं पत्र जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महापौरांना २१ मे १९५४ रोजीच लिहिलं होतं, म्हणजे दीड वर्ष आधी! रोझाबाईंच्या अटकेनंतर बसवर बहिष्कार घालून लोक ३८१ दिवस पायी चालले, त्याला तोड नाही. पण बसमधला भेदभाव कायद्याने संपवणारा निकाल आला तो चार बायकांच्या नावाने गुदरलेल्या दाव्यात. त्यातली क्लॉडेट कॉल्विन अटक झाली तेव्हा पंधरा वर्षांची होती. १३ नोव्हेंबर १९५६ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या दाव्यातला निकाल कायम केला. चालणाऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत, या चौघींची मात्र कागदावर होती.

आपल्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते मुळात काय मागायला? तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन दिलं होतं, त्याच्या दोन-तीन प्रती मागायला. एवढा मोठा माणूस दुसऱ्याचा मसुदा बघायला मागतो, आणि तुला अर्ज लिहायचा कमीपणा वाटतो.

मला लोक कागदी माणूस म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी पुढच्या रांगेत नव्हतो, हे अजून ऐकवतात. नव्हतोच. अटकेतल्या पोरांची नावं, वयं, गावं लिहून घेत त्यांच्या घरच्यांबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होतो. घोषणा देणाऱ्यांचा मला आदर आहे, माझ्या घरातलेच होते ते. पण आत गेलेल्याचं नाव बाहेर कुठेतरी लिहिलेलं लागतं, आणि ते लिहायला कुणीतरी मागे बसावंच लागतं. त्याची लाज मी कधी बाळगली नाही आणि बाळगणारही नाही.

सीमालढ्यातल्या त्या पोरांना माझं नाव सांगून विचार. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथे परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्या, हे आपण कुठल्या जोरावर मागतो? लिहून दिलेल्या हमीच्या. मग आपल्याच तालुक्यातल्या पोरीने लिहून काही मागितलं की कोलीत कसं होतं? मराठी माणसाच्या अंगणात तुझा अपमान होणार असेल, तर तो अंगणवाला आपला आहे म्हणून आम्ही गप्प बसायचं? मला हे पटत नाही, आणि या वयात पटवून घ्यायची इच्छाही नाही.

तुझ्या समाजाचंच बघ. पोर्तुगीजांनी गुलाम करून आणलेली माणसं गोव्यातून निसटून या जंगलात आली, शतकं इथे राबली. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं. हल्याळचा सिद्दी आदिवासी झाला, आणि जंगलाच्या अलीकडे खानापुरातला त्याचा मेहुणा? तो यादीबाहेरच राहिला. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींचं नाव यादीत यायला २०२० उजाडलं, तेही संसदेत कायदा होऊन. सतरा वर्षं नात्यातल्या माणसांमध्ये एक ओळ आडवी पडली होती. ती आता तुझ्या बाजूने लिहिलेली आहे, तर वापर. जमातीच्या दाखल्याची प्रत अर्जाला जोड.

आता कामाचं. अर्ज मराठीत लिही. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. कन्नड तर्जुमा सोबत जोडलास तर चांगलंच, कारण वाचणाऱ्याची सोय झाली की त्याची सबब संपते. यात माघार कसली? ठाण्यात तू तोंडी सांगितलंस तरी ते लिहून घेणं, वाचून दाखवणं, मग सही घेणं आणि लगेच प्रत देणं हे अॅट्रॉसिटी कायद्याच्या चौथ्या कलमाने अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. जाणूनबुजून टाळलं तर तोच गुन्हा. हे त्यांना शांतपणे सांग, आवाज चढवू नकोस. तरीही घेतलं नाही तर तोच मजकूर पोस्टाने वरिष्ठांकडे पाठव. कायद्यात एस. पी. म्हटलंय, बेळगाव शहरात आयुक्तालय आहे, तेव्हा पत्ता तिथला घाल. पोस्टाची पावती अर्जाच्या तुझ्या प्रतीलाच टाच, पाकिटात ठेवू नकोस, हरवते.

व्हिडिओचं मी नाही म्हणत नाही. आधी पोच, मग व्हिडिओ. आईला सांग, मी सोबत येतोय. ती घाबरते त्याला कारण आहे, तिच्यावर चिडू नकोस.

मसुदा लिहून शुक्रवारी ये. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिही, घाण असले तरी. "अपशब्द वापरले" एवढं लिहून आणलंस तर परत लिहायला लावीन.

तुझा,
काका