जुन्या मालिकांच्या डिस्क : गाणी कुठे गेली, प्रसंग कुठे गेले?

जुन्या दूरचित्रवाणी मालिकांचे डीव्हीडी आणि ब्लू-रे संच घेणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं साठली होती. त्यातली काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही मालिका मी अमेरिकेत शिकायला आले तेव्हा दर आठवड्याला बघायचे. मुलीला दाखवायची म्हणून पहिल्या हंगामाचा जुना डीव्हीडी संच मिळवला, तर त्यात गाणीच भलती! माझ्या आठवणीत काही घोळ होतोय का? (न्यू जर्सी)

तुमची आठवण अगदी बरोबर आहे. गाणी खरोखरच बदललेली आहेत.

ही मालिका १९७८ ते १९८२ या काळात सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर दाखवली गेली. गोष्ट एका डबघाईला आलेल्या रेडिओ केंद्राची. पहिल्याच भागात निवेदक जॉनी फीव्हर झोप आणणाऱ्या वाद्यसंगीताची तबकडी बंद करतो आणि रॉक लावतो. तिथून केंद्राचं नशीब पालटतं. म्हणजे गाणं हे या मालिकेत कथेचंच अंग आहे. त्या काळची खरी, गाजलेली गाणी त्यात वाजत होती.

एखादं ध्वनिमुद्रित गाणं मालिकेत वापरायचं तर दोन परवानग्या लागतात. एक गीत-संगीताच्या हक्कांसाठी, दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणासाठी. त्या काळी हे करार प्रक्षेपणापुरते आणि ठरावीक वर्षांपुरते होत. व्हिडिओटेपवर चित्रित होणाऱ्या कार्यक्रमांना हे हक्क फिल्मवरच्या कार्यक्रमांपेक्षा स्वस्त पडत, म्हणूनच ही मालिका टेपवर चित्रित झाली. लोक पुढे मालिका विकत घेऊन घरी ठेवतील, हे करार लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मुदत संपल्यावर पुनर्प्रक्षेपणासाठी गाणी काढून त्यांच्या जागी स्वस्तातलं तयार संगीत भरण्यात आलं. संवाद आणि गाणं एकाच ध्वनिपट्टीवर होतं, तिथे मिळत्याजुळत्या आवाजात संवाद पुन्हा बोलवून घेतले गेले. २००७ साली फॉक्सने पहिला हंगाम डीव्हीडीवर आणला तो अशाच बदललेल्या संगीतानिशी, आणि काही प्रसंगही कापून. तुमच्या हातात बहुधा तोच संच आहे.

२०१४ मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीने संपूर्ण मालिकेचा संच काढला. त्यांनी हक्क नव्याने मिळवून बरीचशी मूळ गाणी परत आणली. सगळी नाही, पण मालिकेचा जीव परत आला. मुलीला दाखवायचा तर तो दाखवा. 'द वंडर इयर्स' याच कारणाने कित्येक वर्षं अडकून राहिली होती. तीही २०१४ मध्येच, बहुतेक मूळ गाण्यांसह आली. म्हणजे कुणी मनावर घेतलं तर हे काम होतं. अशक्य आहे असं सांगणाऱ्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

उलट उदाहरणंही आहेत. 'मॅरिड... विथ चिल्ड्रन'च्या तिसऱ्या हंगामापासूनच्या डीव्हीडीत फ्रँक सिनात्राचं शीर्षकगीतच गायब आहे. आणि 'द फ्युजिटिव्ह'चं जे झालं त्याला तर मी अक्षम्यच म्हणेन. २००८ मध्ये दुसऱ्या हंगामाचा पहिला खंड आला तेव्हा जवळपास सगळं पार्श्वसंगीत काढून नवं सिंथेसायझरचं संगीत चिकटवलं होतं. १९६४ चं कृष्णधवल चित्र, जीव वाचवत धावणारा नायक डॉक्टर किंबल आणि मागे हे असलं संगीत! प्रेक्षकांनी गदारोळ केला तेव्हा कुठे दुरुस्त डिस्क निघाल्या. तेव्हा तक्रार करून काय होणार, असं कृपा करून म्हणू नका.

प्रश्न : डब्यावर 'संपूर्ण हंगाम' लिहिलेलं असतं, पण भाग बघताना मधेच काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. भाग कापलेले आहेत हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? (पुणे)

डब्याच्या मागे एकूण मिनिटं छापलेली असतात. त्यांना भागांच्या संख्येने भागा. अर्ध्या तासाच्या अमेरिकी मालिकेचा मूळ भाग साठच्या दशकात साधारण २५-२६ मिनिटांचा, ऐंशीच्या दशकात २४ मिनिटांच्या आसपास असे. ऐंशीच्या दशकातल्या मालिकेची सरासरी २१-२२ मिनिटं निघाली, तर बहुधा कात्री लागली आहे.

ही कात्री बहुतेक वेळा डिस्क काढणाऱ्याने चालवलेली नसते. मालिका पुनर्प्रक्षेपणासाठी स्थानिक वाहिन्यांना विकताना जाहिरातींना जास्त जागा हवी म्हणून प्रत्येक भागातून दोन-तीन मिनिटं काढली जात. त्या कापलेल्या प्रती हाताशी, स्वच्छ आणि तयार असतात. मूळ प्रती गोदामातून शोधून काढाव्या लागतात. 'रोझॅन'चा पहिला हंगाम २००५ मध्ये डीव्हीडीवर आला तो असाच कापीव. ओरड झाल्यावर पुढच्या हंगामांत बहुतेक भाग पूर्ण लांबीचे आले. विनोदी मालिकेत कापलं काय जातं? तर एखादा पॉझ, एखादी नजर, शेवटचा छोटा प्रसंग. कथानक शाबूत राहतं, म्हणून कापणाऱ्याला वाटतं की कुणाच्या लक्षात येणार नाही. पण विनोदाचा ताल बिघडतो आणि तुम्हाला जे 'तुटल्यासारखं' वाटलं ते हेच.

प्रश्न : नवा मोठा टीव्ही घेतला. जुन्या मालिकांना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. पडदा पूर्ण भरेल अशी आवृत्ती घ्यावी का? (नागपूर)

मुळीच घेऊ नका. जुन्या मालिका ४:३ या जवळपास चौकोनी आकारासाठी रचलेल्या आहेत. आजच्या टीव्हीचा १६:९ चा रुंद पडदा भरायचा तर दोनच मार्ग उरतात : चित्र आडवं ताणायचं, नाहीतर वरून-खालून कापायचं.

कापण्याने काय होतं याचं डोळ्यांसमोर ठेवावं असं उदाहरण 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेचं. होमर बिअरच्या कारखान्यात जातो. तिथे डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन वेगवेगळ्या नावांच्या टाक्या आहेत, आणि वर पाहिलं तर तिन्हींत एकाच नळातून बिअर पडते आहे. विनोद एवढाच, आणि तो सगळा चौकटीच्या वरच्या भागात. २०१९ च्या नोव्हेंबरात डिस्ने प्लसवर ही मालिका रुंद करून आली तेव्हा नेमका तो नळच कापला गेला. उरल्या नुसत्या तीन टाक्या. पुढे २०२० च्या मे महिन्यात मूळ आकाराचा पर्याय द्यावा लागला. 'साइनफेल्ड'मध्येही हेच झालं. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर रुंद केलेली आवृत्ती आली, आणि रस्त्यातल्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला.

ताणलेलं चित्र आपल्याकडे जास्त दिसतं. दूरदर्शनच्या जुन्या मालिका इंटरनेटवर कित्येकदा तशाच ताणून चढवलेल्या असतात, सगळ्यांचे चेहरे सुजल्यासारखे. ताण फाइलमध्येच नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ४:३ करा. काळे पट्टे राहू द्या, दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

प्रश्न : 'आय लव्ह ल्यूसी' ही १९५१ ची मालिका ब्लू-रेवर लख्ख दिसते. आपल्या ऐंशीच्या दशकातल्या मालिका मात्र धुरकट. हा निष्काळजीपणाच ना? (ठाणे)

निष्काळजीपणा आहेच, पण सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. 'आय लव्ह ल्यूसी' प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये इतका तपशील असतो की आजच्या पद्धतीने स्कॅन केली तर ती मालिका घरच्या टीव्हीवर १९५१ मध्ये दिसली त्याहून कितीतरी चांगली दिसते. आपल्या ज्या मालिका व्हिडिओटेपवर झाल्या, त्यांत चित्राच्या ५७६ आडव्या ओळींपलीकडे काही नाहीच. नसलेला तपशील कुठल्याही यंत्राने खऱ्या अर्थाने परत येत नाही.

काही मालिका मधल्या जातीच्या. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७–९४) चित्रित झाली फिल्मवर, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स टेपवर. म्हणून ब्लू-रेसाठी १७८ भागांची मूळ निगेटिव्ह शोधून सगळं नव्याने जुळवावं लागलं. हे संच २०१२ ते २०१४ मध्ये आले. काम अप्रतिम झालं, खर्च अफाट झाला, विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही. त्याच धाटणीच्या पुढच्या मालिकेवर, 'डीप स्पेस नाइन'वर, असा खर्च अजून कुणी केलेला नाही.

आता निष्काळजीपणाकडे येऊ. टेपमध्ये असलेल्या ५७६ ओळी डीव्हीडीवर पूर्ण मावतात. तरीही चित्र धुरकट असेल तर तीन गोष्टी तपासा. एक, मूळ टेपऐवजी प्रतीची प्रत वापरली आहे का. दोन, एका डिस्कवर किती भाग कोंबलेत. ४.७ जीबीच्या डिस्कवर साधारण दोन तासांचं चित्रण नीट बसतं. त्याच डिस्कवर दहा-दहा भाग घातले की हलत्या चित्रात चौकोन दिसू लागतात. तीन, इंटरलेसिंग चुकीच्या पद्धतीने काढलं आहे का. टेपवर सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. ती बेफिकिरीने एकत्र केली की कुणी हात हलवला रे हलवला, त्याच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. आणि व्हीसीडी असेल तर विचारूच नका. तिथे ३५२ गुणिले २८८ एवढंच चित्र. मराठी नाटकं आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर व्हीसीडीवरच आली आणि कित्येक घरांत आज तेवढीच प्रत उरली आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : भाच्याने अमेरिकेहून आणलेली डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालत नाही. (कोल्हापूर)

डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. त्या हिशेबात अमेरिका विभाग १, भारत विभाग ५. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर घ्या. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा, मग तो कायमचा तिथेच अडकतो. ब्लू-रेचे विभाग वेगळे आहेत : अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर विभागाचं बंधन नसतं, पण विचारून घ्या.

एक जोडून सांगतो. फिल्मवर झालेली अमेरिकी मालिका ब्रिटिश डीव्हीडीवर घेतलीत तर ती चार टक्के वेगाने पळते, कारण २४ चौकटींची फिल्म तिथे सेकंदाला २५ चौकटींनी चालवतात. ५० मिनिटांचा भाग ४८ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढतो. संगीताचा कान असेल तर शीर्षकगीतापासूनच खटकेल.

प्रश्न : एक हंगाम दोन तुकड्यांत विकायचा, दोन्हींचे पैसे घ्यायचे, आणि पुढचे हंगाम काढायचेच नाहीत. ही फसवणूक नाही का? (इंदूर)

कायद्याने फसवणूक नाही, पण ग्राहकाचा विश्वास यानेच गेला. 'पेरी मेसन'चे नऊ हंगाम अठरा खंडांत आले, २००६ पासून २०१३ पर्यंत. निदान पूर्ण तरी झाले. 'द मेरी टायलर मूर शो'चा पहिला हंगाम २००२ मध्ये आला, विक्री कमी झाली आणि दुसऱ्यासाठी २००५ पर्यंत थांबावं लागलं. 'सेंट एल्सव्हेअर'चा अमेरिकेत २००६ मध्ये पहिला हंगाम आला, पुढचे आलेच नाहीत. यातून वाईट चक्र सुरू होतं. पुढचे हंगाम येतील याची खात्री नाही म्हणून लोक पहिला घेत नाहीत, आणि पहिला खपला नाही म्हणून कंपनी पुढचे काढत नाही. मी स्वतः मालिका पूर्ण झाल्यावरच संच घ्यायला सांगतो. त्यात कंपनीचं नुकसान आहे हे कळतं, पण अर्धवट संच कपाटात ठेवून वाचकाने का झुरायचं?

प्रश्न : 'चिमणराव'चा संपूर्ण संच कुठे मिळेल? वडिलांना ऐंशीव्या वाढदिवसाला द्यायचा आहे. (दादर)

सांगताना जीवावर येतं, पण संपूर्ण संच मिळणार नाही. चि. वि. जोशींच्या कथा, दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव, बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ... सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर हे लागलं की घरंच्या घरं टीव्हीसमोर बसत. पण टेप महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. त्या काळातलं मुंबई दूरदर्शनचं पुष्कळ काम असं नाहीसं झालं आहे.

बीबीसीनेही हेच केलं. त्यांच्या 'डॉक्टर हू' या मालिकेच्या पहिल्या सहा हंगामांतल्या २५३ भागांपैकी नव्वदहून अधिक भाग मूळ चित्रासह उपलब्ध नाहीत असं कित्येक वर्षं चाललं आहे. मात्र परदेशी केंद्रांना पाठवलेल्या फिल्म-प्रती अधूनमधून सापडतात. नायजेरियातल्या जोस शहरात असे नऊ भाग मिळाल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. आणि हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज मात्र आहे, कारण प्रेक्षकांनी तो घरी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवला होता. वडिलांच्या जुन्या कॅसेट चाळून बघा, हे मी मनापासून सांगतो आहे.

प्रश्न : माळ्यावर व्हीएचएस कॅसेटचं खोकं आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात टीव्हीवरून भरलेल्या, मधे जाहिराती, काहींना बुरशी. मुलगा म्हणतो, टाकून द्या. (चिपळूण)

टाकू नका. वर ज्या कापलेल्या, बदललेल्या आवृत्त्या सांगितल्या, त्यांच्या मूळ रूपाचा पुरावा कित्येकदा अशाच खोक्यांत असतो.

बुरशी म्हणजे टेपच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा जाळं. अशी एकही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप तुटेल, यंत्राच्या हेडला बुरशी लागेल आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होईल. त्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. बाकीच्या माळ्यावरून खाली आणा, कोकणातल्या पावसाळ्यात माळा ही सर्वांत वाईट जागा. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. प्रत्येकीच्या मागच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते, ती तोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही भरलं जाणार नाही.

डिजिटल प्रत करून घेताना दुकानदार 'जाहिराती काढून देतो' म्हणेल. त्याला नको म्हणा. निवेदिका, जाहिराती, 'व्यत्यय'ची पाटी, सगळं आहे तसं राहू द्या. सेकंदाला ५० अर्धी चित्रं तशीच ठेवून, ४:३ मध्येच, मोठ्या फाइलमध्ये घ्या. आणि प्रत हाती आली तरी मूळ कॅसेट त्याच्याकडून परत मागून घ्या.