रोजचा खर्च लिहून ठेवतो तरी महिनाअखेरीस काहीच उरत नाही, काय चुकतंय?

लिहिण्यात काही चूक नाही, पण बचत शेवटी करायला जाताय तिथं चुकतंय, पगार आला की त्याच दिवशी ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात आपोआप जाईल असं बँकेत सेट करून टाका आणि त्या खात्याचं कार्ड खिशात ठेवू नका. कारण साधं आहे, समोर दिसणारे पैसे संपतातच, आणि वहीत नोंद होते ती खर्च झाल्यावर, म्हणजे तोवर उशीर झालेला असतो. मी स्वतः हिशोब लिहितो म्हणून सांगतो, महिना कोलमडतो तो चहापाण्याने नाही, वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग, सणवार. ह्या सगळ्याची बेरीज करा, १२ ने भागा, समजा ३६,००० निघाले तर महिन्याला ३,००० बाजूला काढायचे, मग तो महिना आला की धक्का बसत नाही. बाकी दोन गोष्टी:

- ऑनलाइन काही आवडलं तर कार्टमध्ये टाकून दोन दिवस सोडून द्यायचं, बऱ्याचदा नंतर आठवतही नाही
- वापरत नसलेली सबस्क्रिप्शन शोधायला बँकेचं स्टेटमेंट उघडा, वहीत ती सापडत नाहीत

फक्त क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा, महिन्याला ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ च्याही वर जातं, बचत खात्यात एवढं कोणी देत नाही. थोडी रक्कम अडीअडचणीला हाताशी ठेवा तेवढी.