पाण्याखालचं विचारा : फॉर्मवर बीपी लपवू का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी नाशिकची, वय ५३. फेब्रुवारीत मुलगा-सुनेबरोबर आम्ही दोघं अंदमानला जातोय. मुलाने हॅवलॉकच्या एका रिसॉर्टवर सगळ्यांसाठी स्कूबा बुक केलंय. मला पोहता येत नाही, चष्मा आहे आणि चार वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे. मुलगा म्हणतो, "आई, तब्येतीच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिही, सगळे तसंच करतात." डाइव्ह शेवटच्या दिवशी सकाळी सातला, मग बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुपारी तीनचं विमान. मनातून फार इच्छा आहे, पण धाकधूकही आहे. काय करू?

उत्तर : तुमची इच्छा आहे हे वाचून बरं वाटलं. तुमच्या वयाच्या बायका बहुतेक वेळा किनाऱ्यावर बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळतात. मी मूळची मालवणची, गेली नऊ वर्षं हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) स्कूबा शिकवते. पोहता न येणाऱ्या पुष्कळ जणांना मी हाताला धरून खाली नेलंय. पहिल्या ओळखीच्या डाइव्हला पोहणं यावं लागत नाही. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, तुमच्या जॅकेटमधली हवा तोच कमी-जास्त करतो. १२ मीटरच्या खाली कुणी नेत नाही, नवख्या माणसाला तर बहुतेकदा त्याहून बरंच वर ठेवतात.

पण फॉर्मवर खोटं लिहू नका. मुलाला हे माझ्या नावाने सांगा. त्या फॉर्ममध्ये ४५च्या पुढचं वय आणि बीपी हे एकत्र विचारलेलं असतं, कारण पाण्यात उतरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. 'हो' लिहिलं म्हणजे डाइव्ह रद्द, असं नाही. 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही लागते, एवढंच. मात्र ती सही बेटावर ऐन वेळी शोधायला जाऊ नका. ज्या सेंटरमध्ये बुकिंग आहे त्यांच्याकडून फॉर्म आत्ताच मागवा, नाशिकला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, गोळीचं नाव दाखवा, बीपी मोजून घ्या. त्यांनी नको म्हटलं तर नको. त्यांनी सही दिली तर निर्धास्त होऊन या.

आणि वेळापत्रक बदला. सातला डाइव्ह आणि तीनला विमान, हे चालणार नाही. खाली दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि शरीरात मुरतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. नायट्रोजन शिल्लक असताना वर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त झाल्या तर १८ तास विमान नको. मी तर सरळ एक पूर्ण दिवस मोकळा ठेवायला सांगते. हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डाइव्ह करा. शेवटचा दिवस पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) ठेवा आणि सेल्युलर जेल सावकाश पाहा. तिथे घाईने जाऊन आलेल्यांना पुढे हळहळताना मी पाहिलंय.

आता कानांबद्दल, कारण लोक श्वासाला घाबरतात आणि अडतात कानापाशी. किनाऱ्यावर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट १० मीटरवर होतो. म्हणजे सगळ्यात मोठा बदल अगदी वरच्या पाण्यातच आहे. घाटात गाडीने उतरताना कानाला दडे बसतात ना, तेच इथे दोन मीटरवर होतं. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद ठेवून हलकेच नाकातून फुंकायचं, कानात 'पुट्' असं होतं. दुखायच्या आधी करायचं, दर हातभर खाली गेलं की पुन्हा. जोर लावायचा नाही. घरी आजपासून रोज चार वेळा करून बघा. नाही मोकळे झाले तर खालून हात आडवा हलवायचा आणि कानाकडे बोट दाखवायचं. इन्स्ट्रक्टर तुम्हाला थोडं वर घेईल. अंगठा वर करू नका हं. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' नसून 'मला वर जायचंय' असा असतो.

सर्दी असेल तर डाइव्ह नाहीच. दुसऱ्याच वर्षी मी सर्दी असताना नाकात स्प्रे मारून उतरले होते, माझ्याबरोबरच्या जोडप्याचा तो एकच दिवस होता म्हणून. सहा मीटरवर भुवयांच्या वर कुणी सुई खुपसतंय असं वाटलं. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं आणि त्या दोघांची तोंडं पांढरीफटक पडली होती. तीन आठवडे मी पाण्याबाहेर होते. म्हणून सांगते, पैसे भरलेत, मुलाला वाईट वाटेल, यातलं काहीही मनात आणू नका. पाण्यात उतरायच्या क्षणीसुद्धा 'नको' म्हणता येतं, आणि चांगला इन्स्ट्रक्टर त्यावर एक शब्दही बोलत नाही.

सुरुवातीला कमरेइतक्या पाण्यात टाकीच्या नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा सराव होतो. तो उरकून टाकू देऊ नका. तोंड पाण्यात बुडवून २० श्वास शांत होईपर्यंत तिथेच थांबा. श्वास रोखायचा नाही, हा एकच नियम पाठ हवा. चष्म्याची काळजी नको, नंबरची काच असलेले मास्क मिळतात, नंबर आधी कळवा.

ओहोटीच्या वेळी नेमो रीफवर (हॅवलॉकला नवख्यांना बहुतेकदा नेतात ती जागा) प्रवाळाच्या दगडांतून बरंच चालावं लागतं, त्यामुळे भरती कधी आहे ते विचारून वेळ घ्या. आणि नखांना लाल पॉलिश लावून या! पाच-सहा मीटरवर ते तपकिरी दिसायला लागतं, कारण पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग नाहीसा होतो. मग इन्स्ट्रक्टरच्या टॉर्चचा उजेड पडला की ते पुन्हा लालबुंद होतं. एका काकूंनी खाली ते बघून माझा हात इतका घट्ट दाबला होता! समुद्रफुलात राहणारा केशरी मासा तिथे हमखास भेटतो. कान देऊन ऐकलंत तर बारीक 'कर्र कर्र' ऐकू येईल. पोपट मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडत असतो, तो आवाज. हात मात्र कशालाही लावू नका. २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. जे उरलंय, नव्याने फुटतंय, ते फार हळू वाढतं.

प्रश्न : आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती आमच्याबरोबर स्कूबा करू शकेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : समुद्रातल्या डाइव्हसाठी १० वर्षं पूर्ण हवीत. 'वय दहा लिहा' असं कुणी सुचवलं तर ते सेंटर सोडा. तिला हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कलिंगला न्या. उथळ पाण्यातही मासे भरपूर दिसतात. मास्क मुलांच्या मापाचाच मागा, मोठ्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं आणि मुलं घाबरतात. आदल्या संध्याकाळी तो मास्क तिला बादलीभर पाण्यात वापरून बघू द्या.