वाचकांचे प्रश्न : तिन्ही संगणक एकदमच चुकले तर?

प्रश्न : विमानात, रॉकेटमध्ये तीन-तीन संगणक बसवून बहुमत घेतात म्हणे. पण तिन्हींत प्रोग्रॅम तोच असेल, तर चूकही तीच होणार ना?

उत्तर : होणार, आणि झालीही आहे. बहुमतात पकडला जातो तो एकट्यादुकट्या यंत्राचा बिघाड: निघालेला सोल्डर, किरणोत्सारामुळे मेमरीत उलटलेला एखादा बिट. एक संगणक शाबूत राहण्याची शक्यता ०.९ असेल, तर तिघांतले निदान दोन शाबूत राहण्याची ०.९७२ होते. मात्र त्यासाठी बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असावे लागतात.

४ जून १९९६ ला एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात नेमकं तेच नव्हतं. वेग आणि दिशा मोजणारे दोन संच होते, एक कामावर, एक राखीव. यंत्र तेच, प्रोग्रॅमही तोच. आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात बसवायला गेले आणि ३२,७६७ ची मर्यादा ओलांडली गेली. राखीव संच आधी बंद पडला, पाठोपाठ कामावरचा. त्याने जाता जाता पाठवलेला बिघाडाचा तपशील मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून घेतला, नोझल (ज्यातून इंजिनाचा झोत बाहेर पडतो ते तोंड) टोकापर्यंत वळवले आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. चीड येते ती याची, की हा हिशेब एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. आधीच्या एरियन ४ रॉकेटमधून तसाच उचललेला होता. चूक दिसली की संच बंद करायचा, हा नियमही बिघाड यंत्राचाच असणार असं धरून केलेला. त्याऐवजी अंदाजाचा आकडा देत राहिला असता तर चाललं असतं.

बोइंग ७७७ मध्ये उड्डाण-नियंत्रणाचे तीन संगणक आहेत आणि प्रत्येकात तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर, कंपायलरही (लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारे प्रोग्रॅम) वेगळे. त्यामुळे चिपमधली किंवा कंपायलरमधली चूक सगळीकडे एकदम उमटत नाही. मुळात काय हवं हेच चुकीचं लिहिलं असेल, तर याचाही उपयोग नाही.

प्रश्न : आणि मतं मोजणारा भागच बिघडला तर?

उत्तर : म्हणून स्पेस शटल या अमेरिकी अंतराळयानात पंखांवरच्या, यान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांसाठी मोजणी संगणकात ठेवलीच नव्हती. चार संगणकांच्या आज्ञा पट्टी हलवणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या चार स्वतंत्र व्हॉल्व्हना जायच्या. एक भलतीकडे ढकलू लागला, तर बाकी तिघांचा जोर त्याला पुरून उरे. दाबातला फरक टिकला की तो व्हॉल्व्ह बाजूला काढला जाई. पाचव्या संगणकात वेगळ्या कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम होता. तो आपणहून ताबा घेत नसे. त्यासाठी अंतराळवीराला बटण दाबावं लागे.