फिजिओथेरपीनंतर पुनर्वसन तंत्रज्ञानासाठी स्वित्झर्लंड : निघण्यापूर्वी काय शिकावं

तुमचा प्रश्न असा : बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालं आहे, दोन वर्षं पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम केलं आहे, आता झुरिच किंवा लोझानला पुनर्वसन तंत्रज्ञानात मास्टर्स करायचं आणि पुढे तिथेच फिजिओ म्हणूनही राहायचं. तर तयारी काय करावी?

आधी या दोन वाटा वेगळ्या धरा. रुग्णावर उपचार करायचे तर परदेशी पदवीला स्विस रेडक्रॉसची मान्यता लागते आणि तिथली भाषा बी-२ (वरच्या मध्यम) पातळीपर्यंत यावी लागते. झुरिचला जर्मन, लोझानला फ्रेंच. शिवाय झुरिचचे रुग्ण स्विस जर्मन बोलतात आणि ती पुस्तकी जर्मनपेक्षा बरीच निराळी आहे. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागतं, पण गुणपत्रिकेत गणित नाही हे तिथे लगेच लक्षात येतं. रेषीय बीजगणित, सिग्नल प्रोसेसिंग (संकेतांवर प्रक्रिया) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा एवढं तरी इथूनच करून जा.

खरा भर द्या तो स्नायूंचे विद्युत-संकेत, म्हणजे ईएमजी, नीट घेण्यावर. त्वचेवर चिकटवायच्या दोन इलेक्ट्रोडमध्ये २० मिलिमीटर अंतर, स्नायूच्या तंतूंच्या दिशेने, कंडरेपासून (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीपासून) दूर. केस काढा, त्वचा स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या. सॅम्पलिंग (संकेताची नोंद) सेकंदाला किमान १००० वेळा, फिल्टर साधारण २० ते ४५० हर्ट्झ. अंतर वाढलं की शेजारच्या स्नायूचा संकेत मिसळतो. पक्षाघातात बोटं उघडायला सांगितल्यावर मिटणारे स्नायूही सोबत ताठरतात. हे ध्यानात न घेता हात उघडणाऱ्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम हात उघडण्याऐवजी मिटवतो. इंजिनिअरला हे सांगणारा माणूस तुम्हीच असणार आहात.

दुसरं, विद्युत-उत्तेजन, म्हणजे विजेच्या छोट्या स्पंदनांनी स्नायू हलवणं. चालताना पाऊल लोंबत असेल तर एक इलेक्ट्रोड फिब्युलाच्या (पोटरीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्याखाली पेरोनिअल चेतेवर (नसेवर), दुसरा टिबिआलिस अँटिरिअर या पाऊल उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूच्या फुगीर भागावर. ३०० मायक्रोसेकंदांची स्पंदनं, ३० ते ४० हर्ट्झ. पाऊल फारच बाहेर वळलं तर इलेक्ट्रोड टिबिआलिसकडे सरकवा. स्नायू लवकर दमतो, कारण सगळे तंतू एकाच वेळी ओढले जातात. त्यांना पाळीपाळीने विसावा मिळत नाही. वारंवारता वाढवली तर तो आणखी लवकर दमतो. आणि स्नायूची चेताच तुटली असेल, तर इतक्या छोट्या स्पंदनांनी तो हलणारच नाही. चेता शाबूत आहे का, ही तपासणी सर्वांत आधी करा.

आता मेंदूविज्ञानाचा भाग, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो : वेळ साधणं. २०२१च्या चाचणीत पक्षाघाताच्या १०८ रुग्णांनी हाताचे व्यायाम केले. एका गटात प्रत्येक हालचालीसोबत मानेतून जाणाऱ्या व्हेगस चेतेला अर्धा सेकंद उत्तेजन दिलं गेलं. हाताची हालचाल मोजणारे फ्यूगल-मेयर गुण सरासरी ५.० वाढले, नुसत्या व्यायामाने २.४. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्या उपकरणाला मान्यता दिली. लोझानच्या संशोधकांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की मज्जारज्जूला सतत उत्तेजन दिलं तर पायाकडून येणारी स्थितीची जाणीव दबते. म्हणून पावलाच्या लयीत, हव्या त्या ठिकाणी झटके द्यायचे.

यंत्रांबद्दल मात्र भाबडं राहू नका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या २०१९च्या चाचणीत रोबॉटने हाताची हालचाल सुधारली, पण रोजची कामं नेहमीच्या उपचारांपेक्षा सोपी झाली नाहीत. झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयातून पुढे आलेल्या लोकोमॅटसारख्या चालण्याच्या यंत्रात यंत्राचा सांधा आणि माणसाचा सांधा एका रेषेत नसेल तर पट्ट्याखालची कातडी सोलवटते. आणि यंत्र सगळा भार उचलू लागलं की रुग्ण स्वतः जोर लावणं सोडतो. मदत हळूहळू कमी करत नेणं हेच तिथलं कसब.

अर्जासोबत प्रशस्तिपत्रांच्या चळतीऐवजी एक छोटं काम जोडा : निरोगी व्यक्तीच्या संमतीने घेतलेला दहा मिनिटांचा ईएमजी, तो संकेत स्वच्छ करणारा कोड, आणि कुठे काय बिघडलं याचं एक पान. विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा व्यत्यय संकेतात कुठून शिरला हे त्या पानावर अवश्य लिहा.