पहिलं महायुद्ध, वर्गातली स्टेशनं आणि तुमचे प्रश्न

वर्गात स्टेशनं लावायची, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात वेगवेगळं काम मांडायचं आणि मुलांनी गटागटाने फिरून ते करायचं, म्हटलं की शिक्षकांकडून दरवर्षी हेच प्रश्न येतात, फक्त विचारणारे बदलतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

प्रश्न: 35 मिनिटांचा तास, 62 मुलं. पाच स्टेशनं बसतील?

नाही. तीन करा, प्रत्येकाचे दोन संच लावा, आणि जोडतास हवा असेल तर वेळापत्रक बघणाऱ्या सरांशी आजच बोला, सहामाही तोंडावर आल्यावर नाही.

प्रश्न: ऑस्ट्रियाच्या युवराजाला गोळ्या घालणारा प्रिन्सिप सँडविच खायला थांबला म्हणून महायुद्ध झालं, हा किस्सा पहिल्या स्टेशनला लावू का? मुलांना आवडतो.

आवडणारच, पण सँडविच नंतर कुणीतरी घुसवलंय. 28 जून 1914 ला सकाळी युवराजाच्या गाडीवर बॉम्ब टाकला तो चुकला, मग ड्रायव्हरने चुकीचं वळण घेतलं आणि गाडी नेमकी प्रिन्सिपसमोर थांबली, याहून जास्त मसाला कशाला हवाय? त्यापेक्षा 28 जुलै ते 4 ऑगस्टमधल्या युद्धघोषणांच्या चिठ्ठ्या उलटसुलट ठेवा आणि कोण कुणामुळे ओढलं गेलं ते मुलांनाच जुळवू दे.

प्रश्न: ऑनलाइन 499 रुपयांत स्टेशन किट मिळतंय, त्यात मराठी जवानाचं आईला पत्रही आहे. घेऊ का?

आता जरा बसा. असलं एक किट मी मागवलं होतं. कागद चहात बुडवून पिवळा केलेला, कडा जाळलेल्या, आणि वर लिहिलंय 'कूट, जुलै 1916, तोफा अजून थांबल्या नाहीत'. अहो, इराकमधलं हे कूट 29 एप्रिल 1916 लाच पडलं! ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनने शरणागती पत्करली, त्यात आपले मराठे होते, जुलैत ते कैदेत होते. खाली बारीक अक्षरात 'काल्पनिक' असं लिहायचीसुद्धा तसदी नाही, आणि मुलं ते पत्र वाचून रडतात आणि तेच खरं म्हणून घरी सांगतात. आता तर एआयकडून दोन मिनिटांत असली दहा पत्रं मिळतात, म्हणजे बघायलाच नको. खरी पत्रं आहेत हो. फ्रान्समधल्या आपल्या सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने इंग्रजीत करून ठेवलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, छापूनही आलेत. पत्र उघडून वाचलं जातं हे माहीत असल्याने काही जण 'काळी मिरी' लिहायचे, म्हणजे भारतीय सैनिक, आणि 'लाल मिरची' म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली म्हणजे काय, हे मुलांना उलगडायला द्या, अख्खं स्टेशन त्यावर चालतं. पत्र मिळालं नाही तर गावातली पाटी बघा. महाराष्ट्रात कितीतरी गावांत 'या गावातून एवढे जण महायुद्धात गेले' असा दगड आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे 46 जण त्या युद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आणि तरीही एखाद्या कागदाबद्दल शंका असेल, तर लावण्याआधी जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा. फोनवर फोटो पाठवायला किती वेळ लागतो?

प्रश्न: बाकांचा खंदक करून धुराने गॅस हल्ला दाखवला तर?

अजिबात नको. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रमध्ये क्लोरीनने माणसं गुदमरून मेली, त्याचा खेळ होत नाही, आणि वर्गात एखाद्याला दमा असतोच. खंदक कोऱ्या कागदावर काढू दे. तरी हौस असेल तर आधी मुख्याध्यापक आणि पालक, दोघांना विचारा.

प्रश्न: एका मुलाच्या खापरपणजोबांचं मेडल आणि पितळी तोफगोळा घरी आहे. आणू दे का?

मेडलचा फोटो आणू दे, तोही घरच्यांना विचारून. कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते, ती वाचायला लावा, आणि पितांबरीने घासू नका म्हणावं. गोळा जिथे आहे तिथेच राहू दे, हातही लावू नका, पोलिसांना फोन करा.