‘पाटल्या तूच घेतल्यास’

‘बावीस वर्षं त्यांचं सगळं केलं. आता शेजारी सांगतात, सुनेनं पाटल्या चोरल्या.’ एवढं बोलून समोरच्या सूनबाई कितीतरी वेळ गप्प बसल्या. त्यांच्या सासूबाईंना अल्झायमर आहे, म्हणजे स्मृती हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) पाटल्या दोन दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडल्या, तर सासूबाई म्हणाल्या, ‘सापडशील म्हणून परत ठेवल्यास.’

मग तो प्रश्न, जो मला अनेक सुना-लेकी विचारतात: ‘हरिपाठ तोंडपाठ आहे, माहेरच्या गाईंची नावं आठवतात, मग हेच कसं विसरतात? मुद्दाम करतात का?’

मुद्दाम नाही. अल्झायमरची झळ बहुधा आधी हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागाला लागते. गाईंची नावं लहानपणीच मुरली आहेत. पाटल्या डब्यात ठेवल्याची नोंदच झाली नाही, त्यामुळे सासूबाईंच्या लेखी ते घडलेलंच नाही. कपाटात पाटल्या नाहीत आणि घरात दिवसभर सून. उरलेली गोष्ट मेंदू जुळवतो. म्हणून आळ बहुतेकदा जवळच्या, सगळं करणाऱ्या माणसावरच येतो. १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी जिला तपासलं, त्या ५१ वर्षांच्या बाईच्या आजाराची सुरुवातही नवऱ्यावरच्या संशयानं झाली होती.

हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या.

निदान झालेलं होतं; बी-१२ आणि थायरॉइडही तपासून झाले होते. हे मी नेहमी विचारते, कारण त्यांच्या कमतरतेनं होणारा विसराळूपणा उपचारानं सुधारू शकतो. अल्झायमरच्या गोळ्यांनी काही काळ फरक पडतो, पण आजार मागे फिरत नाही.

मी एकच वाक्य बंद करायला सांगितलं: ‘मी नाही घेतल्या.’ पुराव्यानं सासूबाईंना पटणार नव्हतं, भीती मात्र वाढणार होती. त्याऐवजी म्हणायचं, ‘पाटल्या नाहीत? चला, दोघी शोधू.’ खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये, तशाच बेंटेक्सच्या घरात. ‘ही फसवणूक नाही का?’ त्यांनी विचारलं. मला ती फसवणूक वाटत नाही. सासूबाईंना हवा आहे तो पाटल्या जागेवर असल्याचा धीर.

नवऱ्यालाही बोलावून घेतलं. ‘आईचं मनावर घेऊ नकोस’ एवढं म्हणून तो सुटत होता. शेजाऱ्यांना आजार समजावून सांगायचा आणि रविवारी आईजवळ आपण थांबायचं, ही दोन कामं त्यानं पत्करली.

महिन्याभरानं त्या आल्या. आळ थांबला नव्हता. ‘काल पुन्हा शोधाशोध झाली,’ त्या म्हणाल्या. ‘शोधता शोधता लग्नातली पैठणी निघाली. मग पाटल्या राहिल्या, तासभर आई त्यांच्या लग्नाचंच सांगत बसल्या.’